मुलं आणि आजी, दोघांनाही आवडेल असं खरं शेत पुण्याजवळ कुठे आहे? हुरडा, गाई-गुरं, मुक्काम

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी नाहीतर संक्रांतीच्या आसपास एक दिवस आणि जमलं तर एक रात्र शेतावर जायचं ठरतंय. आम्ही पाच जण, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी साडेचारची, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या मंगळवेढ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या कोठारातल्याच, लहानपण सगळं काळ्या रानात गेलं. पण माहेरची जमीन केव्हाच विकली आणि त्यानंतर गोवऱ्यांच्या आगटीजवळ बसून हुरडा खायचा योग काही आला नाही. थंडी पडली की दरवर्षी एकदा तरी तो विषय निघतो. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, बाकी तब्येत ठणठणीत आहे.

मागच्या वर्षी आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, नाव नाही घेत. फोटोत गाई, बैलगाडी, झोके सगळं होतं. प्रत्यक्षात सकाळपासून स्पीकर लावलेला, रेन डान्स, हुरडा प्लेटमध्ये गार होऊन आलेला, आणि एक वासरू भर उन्हात खुंट्याला बांधून ठेवलेलं, लोक येतायत, त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतायत आणि जातायत. बादली जवळ होती पण रिकामी. मुलीने विचारलं त्याची आई कुठाय, तर तिथल्या कोणालाच सांगता आलं नाही. मला त्या वासराचं फार वाईट वाटलं आणि घरी येईपर्यंत तेच डोळ्यासमोर होतं.

म्हणून यावेळी नीट विचारून जायचंय. जिथे खरोखर शेती चालते, जनावरं घरची आहेत, मुलांना हात लावून काहीतरी करता येईल असं ठिकाण. पुण्यापासून दोन-अडीच तास चालेल. नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण निवडताना काय बघायचं, फोनवर काय विचारायचं ते सांगा प्लीज.

भटकी_शिक्षिका

आम्ही गेली सहा-सात वर्षं मुलांना घेऊन हेच करतोय त्यामुळे अनुभवाचं सांगते, आधी ठिकाण नका शोधू, आधी त्या महिन्यात रानात काय चालू असतं ते बघा आणि मग ठिकाण शोधा. कारण शेतावर बारा महिने सारखं काही नसतं, मे महिन्यात हुरडा केंद्रावर गेलात तर नांगरलेलं रान आणि ऊन, मग ते लोक बिचारे पाण्याची टाकी आणि डीजे लावून तुमची करमणूक करणार, दुसरं करणार तरी काय.

तुमची तारीख हुरड्यासाठी एकदम बरोबर आहे. शिरूर, दौंड, बारामती, नगरकडचा पट्टा बघा. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यात आहे, पुण्याहून साधारण ५०-५५ किलोमीटर, चिंचेची मोठमोठी झाडं आणि मोर. पण मोर बघायचे असतील तर भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी, अकरा वाजता पोचून मोर दिसला नाही म्हणून रागावणारी माणसं मी स्वतः बघितलीयेत. ते पाळलेले मोर नाहीत, गावात राहतात इतकंच, त्यामुळे एक रात्र राहाच.

बाकीचं पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. जुलैमध्ये भात लावणी, मावळ, मुळशी, भोर, वेल्हे कुठेही. मुलं गुडघाभर चिखलात उतरतात आणि दुपारपर्यंत बाहेर यायला तयार नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सासवडकडे सीताफळ. जानेवारी ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी, भिलारला गेलात तर दुहेरी फायदा, ते पुस्तकांचं गावही आहे, २०१७ पासून तिथे घराघरात पुस्तकं वाचायला ठेवलीयेत, स्ट्रॉबेरी खाऊन झाल्यावर माझा मुलगा एका घराच्या ओसरीवर दोन तास वाचत बसला होता. फळ तोडायच्या आधी मात्र मालकाला विचारायचं, देठासकट कसं खुडायचं ते तो दाखवतो. ओढून तोडलं तर अख्खं रोप हातात येतं.

काळी_माती

राम राम ताई. शिरूरच्या बाजूला आमचं घरचं छोटं केंद्र आहे. इथे जाहिरात नको म्हणून नाव टाकत नाही, पण तुम्ही वासराचं लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

वासराबद्दल आधी सांगतो. लहान वासरू धारेच्या वेळी आईजवळ आणि बाकी वेळ सावलीत पाहिजे, समोर पाणी पाहिजे. केंद्रावर गेल्या गेल्या गोठा बघा. खाली शेण साठलंय का, गव्हाणीत चारा आहे का, हौदात पाणी आहे का, जनावर बसून निवांत रवंथ करतंय का. रवंथ करणारं जनावर म्हणजे सुखात असलेलं जनावर, याला कोणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. आणि ज्याला विचाराल त्याला प्रत्येक गाईचं नाव आणि ती कधी व्यालीये हे सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर ती जनावरं फोटोपुरती आणलेली आहेत असं समजा.

दूध काढताना बघायचं असेल तर पहाटे साडेपाच-सहा नाहीतर संध्याकाळी साडेपाच-सहा. मधल्या वेळेत कोणी "मुलांसाठी दूध काढून दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा. आधी वासराला दोन घोट पिऊ द्यायचं, मग गाय पान्हा सोडते. आजूबाजूला आरडाओरडा झाला, कोणी फ्लॅश मारला की पान्हा चोरते, आणि मग कितीही ओढा, धार येत नाही. मी पाहुण्यांना एकावेळी चारच्या वर गोठ्यात सोडत नाही, आणि मुलांना सांगतो की आता गाईच्या घरात जातोय तर हळू बोलायचं. खरं सांगतो, मुलं ऐकतात. मोठ्यांना दोनदा सांगावं लागतं.

आता हुरडा. ज्वारीची पेरणी आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, दाणा दुधात भरून जरा घट्ट व्हायला लागला की हुरडा. एका तुकड्याचा हुरडा आठ-दहा दिवस चांगला, त्यानंतर दाणा कडक होतो. म्हणून आम्ही एकदम पेरत नाही, आठ-आठ दहा-दहा दिवसांनी तुकडे पाडून पेरतो म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी काही ना काही हुरड्यावर असतं. तुम्ही फोनवर एवढंच विचारा की तुमच्या रानात आत्ता हुरड्याची ज्वारी उभी आहे का आणि वाण कोणता. गुळभेंडी, सुरती असं काहीतरी पटकन उत्तर आलं तर शेतकरी आहे. "हुरडा अनलिमिटेड आहे मॅडम" असं आलं तर बहुतेक बाहेरून पोत्यात येतो. बाहेरून आणणं गुन्हा नाही, पण मुलांना कणीस ज्वारीच्या उभ्या ताटावर, म्हणजे धांड्यावर, बघायचं असेल तर ते तिथे दिसणार नाही.

आणखी एक, हे सगळ्यांनीच वाचा. जनावराला आपल्या मनाने काही खायला घालू नका. ज्वारीचे कोवळे फुटवे जनावराने खाल्ले तर किराळ लागते, ते विष आहे, बघता बघता जनावर आडवं होतं. लहान मूल हिरवं दिसेल ते उपटून गाईपुढे धरणार, त्याचा काय दोष. आणि उरलेल्या पोळ्या, भात तर अजिबात नको. दोन वर्षांमागे आमच्याकडे आलेल्या एका ग्रुपने जेवण वाया जायला नको म्हणून पातेलंभर भात शेळ्यांना घातला, आम्ही पंगतीत वाढत होतो, कळलंच नाही. रात्री एका गाभण शेळीचं पोट टम्म फुगलं, डॉक्टर आले, शेळी वाचली पण पोटातली दोन करडं गेली. त्या लोकांनी चांगल्या मनानेच घातला होता हो. तेव्हापासून मी मुलांना घास घालायला लसूणघासाची पेंडी आणि शेवरीच्या डहाळ्या स्वतः हातात देतो. मुलांना तेवढंच पुरतं.

आजींसाठी बाज टाकून देतील कुठेही, फक्त आधी सांगा. संडास इंग्लिश पद्धतीचा आहे का तेही विचारा, हे विचारायला लोक लाजतात आणि मग म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

साधा_हिशेब

सगळं पटतं, पण दराचं पण बोला कोणीतरी. आम्ही गेल्या जानेवारीत माणशी ९०० दिले, मुलांचे निम्मे, म्हणजे चौघांचे २७०० आणि पेट्रोल वेगळं. आमच्या लहानपणी हुरडा मित्राच्या शेतात फुकट खायचो, जाताना आजोबांना तंबाखूची पुडी नेली की झालं. ज्यांचं गावाकडे कोणी आहे त्यांनी तिकडेच जावं असं माझं मत आहे.

काळी_माती

दादा बरोबर आहे तुमचं, ज्याचं गाव आहे त्याने गावालाच जावं, मी स्वतः पाहुण्यांना हेच सांगतो. पण ९०० चं गणित सांगतो. हुरड्याला कणीस कोवळं काढलं की त्या ताटाचं धान्य गेलं. आगटीला गोवऱ्या लागतात, सकाळपासून दोन माणसं भाजायला आणि चार बाया चोळायला, कारण हुरडा गरम असतानाच चोळावा लागतो, हात भाजतात त्यांचे. मग सकाळचा नाश्ता, दुपारचं पिठलं-भाकरी-वांग्याचं भरीत, ऊस, बोरं, पेरू, ताक. आमच्याकडे ज्या सहा बाया येतात त्यांना हे तीन महिने गावातच काम मिळतं. नुसतं ज्वारीवर आमचं घर चाललं नसतं, हे केंद्र आहे म्हणून बैलजोडी अजून दारात आहे, नाहीतर ट्रॅक्टर आल्यावर खिलार पोसणं परवडत नाही कोणाला.

आणि ताई, २०२० ला राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. केंद्रवाल्याला नोंदणी आहे का विचारलं तर कोणी राग मानत नाही.

साधा_हिशेब

चोळणाऱ्या बायांचं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद दादा.

लातूरची_लेक

हुरड्याचा विषय निघाला आणि वेळ अमावस्येचं कोणी बोललं नाही असं कसं! आमच्याकडे लातूर, धाराशिव, सोलापूरच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं, आम्ही येळवस म्हणतो. शहरात त्या दिवशी कर्फ्यू लागल्यासारखे रस्ते रिकामे. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी, तिळाच्या पोळ्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही हां, रानातल्या मिळतील त्या सगळ्या शेंगा, पालेभाज्या, ओले हरभरे, तूर, वाटाणे बेसनात शिजवतात, एकदा खाल्ली की वर्षभर आठवण येते. आंबील आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची करून मातीच्या बिंदग्यात ठेवतात, दुपारी ती प्यायली की झाडाखाली झोपच लागते.

याला तिकीट नाही, बुकिंग नाही. ज्याला शेत नाही त्याला शेजारी घेऊन जातात, रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. पुण्याहून लांब आहे, पण तुमच्या ऑफिसात, सोसायटीत लातूरचं कोणी असेल तर नुसता विषय काढा, आमंत्रण आलंच म्हणून समजा. तुमच्या सासूबाई मंगळवेढ्याच्या आहेत तर त्यांना येळवस सांगायची गरज नाही, विचारून बघा.

बालरोग_पुणे

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, थोडक्यात लिहिते. जा, नक्की जा, मुलांना माती आणि जनावरं मिळालीच पाहिजेत. फक्त तीन-चार गोष्टी पाळा. जनावरांना हात लावला की साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे, खाण्याच्या आधी तर हमखास. शेणामातीच्या हातावर सॅनिटायझरचा भरवसा धरू नका. साडेचारची मुलगी आहे, या वयात हात सतत तोंडात जातो, त्यामुळे गोठ्यात असताना हातात बिस्किट, चॉकलेट काही देऊ नका. धारोष्ण दूध मुलांना पाजू नका, आजी आग्रह करतील, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, उकळून द्या, चव तीच लागते. कुत्रं, मांजर चावलं किंवा नखं लागली तर जखम लगेच साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना, घरी आल्यावर बघू असं नको.

आणि भात लावणीला जाणाऱ्यांसाठी, पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका. लेप्टोचा, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना लावणीला गेलो होतो हे आवर्जून सांगा, ते सांगायचं राहून जातं आणि निदानाला उशीर होतो.

पंचगंगाकाठ

पुण्यापासून चार-पाच तास आहे पण मुक्कामाने येणार असाल तर कोल्हापूरला गुऱ्हाळ दाखवा मुलांना. दिवाळीनंतर चालू होतात ती उन्हाळ्यापर्यंत. आता पूर्वीइतकी राहिली नाहीत, माझ्या लहानपणी आमच्या गावाभोवती धूर दिसेल तिकडं गुऱ्हाळ असायचं.

घाण्यातनं रस निघतो, मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवणात उसाचीच वाळलेली चिपाडं. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात मग मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रंग बदलायला लागतो, आधी हिरवट, मग पिवळा, मग लालसर, बुडबुडे मोठे व्हायला लागतात आणि वास असा सुटतो की लांबून जाणारा माणूस वाट वाकडी करून येतो. गुळव्या थोडा रस गार पाण्यात टाकून बोटानं वळून बघतो, गोळी झाली की हाळी देतो आणि सगळी मिळून काहील वाफ्यात ओततात. तो क्षण मुलांनी बघायलाच पायजे, पण लांबनं. उकळत्या रसाचा चटका पाण्यापेक्षा वाईट, अंगाला चिकटून राहतो. मुलीला कडेवरच ठेवा. मग चिपाडावर घेतलेला गरम गूळ, आणि घरी न्यायला काकवी.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, परवाच जाऊन आलो, एक रात्र राहिलो. दौंडच्या बाजूला एका कुटुंबाचं केंद्र मिळालं, फोनवर काळी_माती दादांनी सांगितलेलेच प्रश्न विचारले. वाण कोणता म्हटल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "सुरती हाय, पण मागच्या तुकड्यात गुळभेंडी पेरलीय, तुम्ही याल तवर ती भरंल." तिथेच ठरवलं.

सासूबाईंसाठी आगटीजवळ बाज टाकून दिली होती. पहिलं कणीस राखेतून बाहेर आलं आणि काकूंची सून चोळायला बसणार तोवर सासूबाईंनीच हात पुढे केला. मी म्हटलं अहो आई भाजेल, तर म्हणाल्या, "भाजलं तरच हुरडा." दोन तळव्यांमध्ये असं कणीस फिरवलं, फुंकर मारली, कोंडा उडाला आणि हातावर हिरवेगार दाणे. पहिली मूठ त्यांनी नातीला भरवली, मग स्वतः खाल्ली, लसणाच्या चटणीबरोबर. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग काकूंना स्वतःच्या वडिलांच्या रानाबद्दल सांगायला लागल्या, पाखरं राखायला माचाणावर बसायच्या, गोफण चालवायच्या. लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या, मला त्या गोफण चालवायच्या हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

संध्याकाळी गोठ्यात चौघंच गेलो. वासरू आधी प्यायलं, मग मुलाला बसवलं. त्याला आधी काहीच जमेना, मग काकांनी त्याच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवलं आणि बादलीत एक धार वाजली. रिकाम्या बादलीत धार कशी टणटण वाजते आणि दूध वर आलं की आवाज बसका होतो, हे त्याने स्वतःहून सांगितलं, मी आयुष्यात लक्ष दिलं नव्हतं. मुलगी बैलांना घाबरली, लांबच राहिली, कोणी जबरदस्ती केली नाही ते फार आवडलं. पण एक पंधरा दिवसांचं करडू तिच्या मागे मागे, तिच्या फ्रॉकची नाडी चावून ओली केली त्याने. त्याची आई कुठली हे तिने लगेच विचारलं, आणि काकांनी हात करून दाखवली.

हात धुतले, दूध उकळून प्यायलो, डॉक्टर. येळवशीचं सासूबाईंना विचारलं तर डोळ्यात पाणीच आलं, पुढच्या वर्षी नक्की.

आता एक प्रश्न. काकूंनी येताना दोन किलो चोळलेला हुरडा बांधून दिलाय, एवढा संपणार नाही. कसा ठेवू?

काळी_माती

फार बरं वाटलं ताई. गार झाला असेल तर आजच छोट्या छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजरला टाका, हवा काढून, लागेल तेवढीच पिशवी काढायची आणि तव्यावर थोडं मीठ-पाणी शिंपडून गरम करायची. एकदा बाहेर काढलेला परत आत ठेवू नका.

लातूरची_लेक

थोडा बाजूला काढून कडक उन्हात वाळवून पण ठेवा, खडखडीत वाळला की डब्यात. भरडून थालीपीठ करा पावसाळ्यात. प्रमाण आईंना विचारा, त्यांना नक्की येत असेल.

कोथरूडची_आई

विचारलं. गच्चीवर धोतराचं फडकं पसरून त्या बसल्यासुद्धा, हातात काठी घेऊन, कबुतरं राखायला.